देह ठेवण्याचा अधिकार

योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवणारा येशू आपल्या मरणाविषयी दोन वचने (१०:१७-१८) बोलतो. त्यांचा आशय असा, की आपला प्राण कोणी आपल्यापासून हिरावून घेत नाही, तो आपण आपण होऊन देतो, तो देण्याचा आणि परत घेण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि ही आज्ञा आपल्याला पित्याकडून मिळालेली आहे. ख्रिस्ती धर्मविचारातील एक फार जुना पेच या दोन वचनांत सामावला आहे. अधिकार असेल तर आज्ञेचे प्रयोजन काय, आणि आज्ञा असेल तर ते अर्पण स्वेच्छेचे कसे म्हणावे, असा तो पेच आहे. आज्ञेवर भर दिला की पुत्र केवळ हुकमाचा ताबेदार ठरतो, आणि अधिकारावर भर दिला की वधस्तंभावरचे मरण हे आधीच ठरलेले नाटक वाटू लागते.

नाशिकपासून सुमारे ६५ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावरील चांदवडच्या परिसरात हा प्रश्न मांडला तर तो नवखा वाटू नये, कारण तेथील आराध्य दैवत रेणुका आहे आणि रेणुकेच्या कथेत पित्याची आज्ञा, पुत्राचे आज्ञापालन, वध आणि पुनर्जीवन ही चारही सूत्रे आहेत. महाभारताच्या वनपर्वातील कथेनुसार जमदग्नीने पुत्रांना मातेचा वध करण्यास सांगितले, चौघांनी ते मानले नाही म्हणून ते शापाने जडमूढ झाले, आणि परशुरामाने आज्ञा पाळून मातेचे शिर उडवले. प्रसन्न झालेल्या पित्याकडे त्याने जे वर मागितले त्यांत माता पुन्हा जिवंत व्हावी आणि आपला वध झाल्याचे तिला स्मरण राहू नये, असे दोन वर होते. या कथेत आज्ञा देणारा एक, पाळणारा दुसरा आणि प्राण जाणारी तिसरी आहे. जिचे प्राण गेले आणि परत आले तिला कोणी काही विचारले नाही, पुढे तिला ते आठवूही दिले नाही. योहानाच्या वचनांचे वेगळेपण या कथेशेजारी ठेवल्यावर जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच एखाद्या पाश्चात्त्य भाष्यात दिसेल, कारण योहानाकडे आज्ञा स्वीकारणारा, प्राण देणारा आणि तो परत घेणारा एकच आहे. शिवाय पुनरुत्थानानंतर त्याच्या हातांवरचे व्रण बुजलेले नाहीत. ते तो शिष्यांना दाखवतो (२०:२०, २७), म्हणजे येथे स्मृती पुसली जात नाही, ती शरीरावर राहते.

मूळ ग्रीक शब्दांकडे वळले की प्रश्नाची बांधणी कळते. प्राण 'देणे' असे मराठीत सहज म्हटले जाते, पण योहान वापरतो ते क्रियापद 'तिथेमी' असून त्याचा साधा अर्थ 'ठेवणे' असा आहे, तर परत 'घेणे' यासाठीचे क्रियापद 'लाम्बानो' आहे. हीच जोडी तो तेराव्या अध्यायात पुन्हा वापरतो. शिष्यांचे पाय धुण्यापूर्वी येशू अंगावरची वस्त्रे काढून ठेवतो आणि पाय धुऊन झाल्यावर ती परत घेतो (१३:४, १२). ही पुनरुक्ती योगायोगाची नाही, असे अनेक भाष्यकार मानतात आणि ते पटण्याजोगे आहे, कारण तेथेही गुरूने दासाचे काम करावे हे कोणी त्याच्यावर लादलेले नाही, उलट सर्व काही आपल्या हाती सोपवलेले आहे हे जाणून तो उठतो, असे लेखक मुद्दाम नोंदवतो. मराठी वाचकाला येथे गीतेतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त आठवेल, पण दोहोंत अंतर आहे. तेथे देही जुने वस्त्र टाकून दुसरे नवे धारण करतो, येथे ठेवलेले तेच वस्त्र पुन्हा अंगावर येते.

'अधिकार' या अर्थी असलेला 'एक्झुसिया' हा शब्द योहान आणखी एका मोक्याच्या जागी आणतो. तुला सोडण्याचा आणि वधस्तंभावर चढवण्याचा अधिकार मला आहे, असे रोमन सुभेदार पिलात बजावतो तेव्हा, वरून दिला गेला नसता तर तो तुला मुळीच नसता, असे उत्तर कैदी देतो (१९:१०-११). दोन्ही प्रसंग एकत्र वाचले की दिसते ते असे, की ज्याच्याकडे सैन्य, न्यायासन आणि शिक्का आहे त्याचा अधिकार उसना आहे, आणि ज्याचे हात बांधलेले आहेत त्याचा अधिकारही पित्याकडूनच आलेला असला तरी तो त्याच्या स्वतःच्या प्राणावरचा आहे. 'एक्झुसिया'ला मराठीत 'सत्ता' हाही प्रतिशब्द शोभला असता, परंतु 'अधिकार' अधिक नेमका आहे, कारण वेदान्तपरंपरेत अधिकारी म्हणजे एखाद्या गोष्टीला पात्र असलेला, आणि योहानाला नुसती शक्ती सांगायची नसून पात्रताही सांगायची आहे. दुसरा शब्द 'एन्तोले', म्हणजे आज्ञा, हा योहानाकडे लष्करी हुकमाच्या अर्थाने येत नाही. एकमेकांवर प्रीती करा हीदेखील त्याच्या मते आज्ञाच आहे (१३:३४), आणि प्रीती हुकमाने होत नसते हे त्याला ठाऊक असणारच.

एक पाठभेदही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. प्रचलित पाठात कोणी प्राण 'घेत नाही' असा वर्तमानकाळ आहे, तर तिसऱ्या शतकातील एका पपायरसात आणि चौथ्या शतकातील दोन प्रमुख हस्तलिखितांत, सिनाइटिकसच्या मूळ लेखनात व व्हॅटिकानसमध्ये, 'घेतला नाही' असा भूतकाळ आढळतो. हा दुसरा पाठ मूळ असेल तर त्याचा रोख, येशूला पकडण्याचे किंवा दगडमार करण्याचे आधीचे प्रयत्न फसले (७:३०, ८:५९), या घटनांकडे असावा, म्हणजे त्याचा प्राण तोवर वाचला तो त्याची घटका भरली नव्हती म्हणून.

मेंढपाळाचा दृष्टान्त मात्र धर्मशास्त्राच्या आधी माळरानावर वाचला पाहिजे. चांदवडला रंगमहाल उभारणारे होळकर घराणे धनगर समाजातले, आणि पूर्व नाशिकच्या कमी पावसाच्या माळांवर मेंढरे चारणे हा पिढीजात व्यवसाय आहे, त्यामुळे रात्री वाघूर लावून कळप आत घेणे, लांडग्याची चाहूल घेत जागणे आणि पोटासाठी राबणारा व कळपाचा धनी यांत फरक असणे, या गोष्टी येथे वेगळ्या समजावून द्याव्या लागत नाहीत. योहानातील मोलकरी पळतो तो भित्रा म्हणून नव्हे, मेंढरे त्याची नाहीत म्हणून (१०:१२-१३). स्वेच्छा या शब्दाचा पाया येथे लहरीवर नाही, आपलेपणावर आहे. दृष्टान्तात एक अडचणही दडलेली आहे, जिच्याकडे प्रवचनकार सहसा लक्ष देत नाहीत. लांडग्याशी झुंजून मेंढपाळ मेला तर कळप वाचत नाही, तो उलट लांडग्याच्या तोंडी जातो. म्हणून या अध्यायात प्राण परत घेण्याचा उल्लेख शोभेसाठी जोडलेला नाही. सतराव्या वचनाची रचनाच अशी आहे की प्राण ठेवायचा तो परत घेण्यासाठी, आणि हे वाक्य तिथे नसते तर सगळा दृष्टान्तच कोसळला असता.

तथापि योहान हा नव्या करारातील अनेक आवाजांपैकी एक आहे. मार्काच्या शुभवर्तमानात गेथशेमाने बागेतला येशू व्याकूळ आहे, हा प्याला दूर व्हावा अशी विनवणी करतो आणि मग पित्याच्या इच्छेपुढे आपली इच्छा मागे घेतो (१४:३२-३६). योहानाकडे ही विनवणी नाही. तेथे पकडायला आलेले शिपाईच मागे सरून जमिनीवर पडतात (१८:६), आणि पित्याने दिलेला प्याला मी पिऊ नये काय, असा प्रश्न येशूच पेत्राला विचारतो. मत्तयाकडे बारा पलटणींहून अधिक देवदूत मागवता आले असते, पण मागवले नाहीत, असा उल्लेख आहे (२६:५३), म्हणजे तेथे स्वेच्छा ही न वापरलेल्या सामर्थ्याच्या रूपाने दिसते. पौलाच्या पत्रांत तर दोन्ही भाषा शेजारीशेजारी नांदतात. देवाने आपल्या पुत्राला राखून न ठेवता सर्वांसाठी दिले, असे तो रोमकरांस लिहितो (८:३२), आणि पुत्राने माझ्यासाठी स्वतःला दिले, असे गलतीकरांस (२:२०). फिलिप्पैकरांस पत्रातील प्रसिद्ध स्तोत्रात ख्रिस्त स्वतःला रिक्त करतो, दासाचे रूप घेतो आणि मरणापर्यंत आज्ञापालन करतो (२:६-८), तेव्हा रिक्त करणे ही त्याची स्वतःची कृती आणि आज्ञापालन हा त्या कृतीचाच पुढला टप्पा होतो. पुनरुत्थानाबाबतही असाच फरक आहे. प्रेषितांच्या कृत्यांत देवाने येशूला उठवले असे वारंवार म्हटले आहे, तर योहानाचा येशू हे मंदिर पाडा, मी ते तीन दिवसांत उभारीन, असे स्वतः म्हणतो (२:१९).

याबाबत सर्वांत खोल विचार इब्री लोकांस पत्राच्या लेखकाने केला आहे. जुन्या करारातील यज्ञव्यवस्थेत अर्पण करणारा याजक आणि अर्पिलेला पशू हे दोन वेगळे असत, आणि त्या पशूला संमती विचारण्याचा प्रश्नच नव्हता. या पत्रात ख्रिस्त हा याजकही आहे आणि अर्पणही आहे, आणि त्याने स्वतःला अर्पण केले (९:१४), म्हणून तो यज्ञ पुन्हा पुन्हा करावा लागत नाही. त्याच पत्रात, तो पुत्र असूनही सोसलेल्या दुःखांतून आज्ञाधारकपणा शिकला (५:८), असे एक धाडसी विधान आहे. शिकला याचा अर्थ आज्ञापालन त्याला जन्मजात मिळालेले नव्हते. मार्काचा व्याकूळ येशू आणि योहानाचा निश्चल येशू यांच्यामधली जागा या विधानाने भरून निघते, आणि केवळ योहान वाचून झालेले धर्मशास्त्र थोडे निर्विकार होते या आक्षेपाला उत्तरही येथूनच मिळते.

उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातील इसहाकाची कथा या सगळ्याच्या मुळाशी आहे, आणि रोमकरांस पत्रातील वर दिलेल्या वचनात तिचा प्रतिध्वनी ऐकू येतो. ज्यू परंपरेत ती 'अकेदा', म्हणजे बांधणे, या नावाने ओळखली जाते. मूळ कथेत इसहाक लाकडे वाहतो, मेंढा कुठे आहे असे विचारतो, आणि मग मुकाट बांधला जातो. त्याच्या मनात काय होते हे कथा सांगत नाही. हे मौन पुढच्या पिढ्यांना सोसले नाही. पहिल्या शतकातील इतिहासकार योसेफसने इसहाकाला पंचवीस वर्षांचा ठरवून तो आनंदाने वेदीकडे धावला असे लिहिले, आणि काही रब्बींनी तर त्याचे वय सदतीस मानले. संमती नसलेले अर्पण अपुरे वाटू लागले, म्हणून ती संमती कथेत मागाहून घातली गेली. रेणुकेच्या बाबतीत मात्र परंपरेने दुसरी वाट धरली, तिने त्या मातेला देवी केले. माहूर असो वा चांदवड, भक्त नमस्कार करतो तो आज्ञा देणाऱ्या ऋषीला किंवा परशू उचलणाऱ्या पुत्राला नव्हे, जिचे शिर उडाले तिला.

चर्चच्या इतिहासात हा पेच बहुतेकदा पुत्राच्या स्वरूपाविषयीच्या वादांतून पुढे आला. आज्ञा घेणारा तो कनिष्ठ, या तर्काने आरियसपंथी पुत्राला पित्याहून उणा ठरवत, आणि ३२५च्या निकिया परिषदेने तो पक्ष नाकारला. त्यानंतर ख्रिस्ताला एकच इच्छा होती की दोन, हा वाद उभा राहिला. मॅक्सिमस कन्फेसर या साधूने गेथशेमानेतील प्रार्थनेच्या आधारे दोन इच्छांचा पक्ष लढवला, कारण मानवी इच्छा खरी नसेल तर ती वाकवली गेली असे म्हणण्यात अर्थ उरत नाही. या मतासाठी त्याची जीभ आणि उजवा हात छाटण्यात आला, ६६२मध्ये तो हद्दपारीत मरण पावला, आणि ६८०-८१च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्याच्याच मताला मान्यता दिली. कँटरबरीच्या आन्सेल्मने १०९८च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात असा युक्तिवाद केला की देवाने निष्पाप माणसाला मरणाची सक्ती केली नाही, ख्रिस्ताने नीतिमत्त्व न सोडल्यामुळे मरण ओढवले आणि ते त्याने आपखुशीने पत्करले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने पित्याने त्याला दुःखाच्या हवाली केले ते त्याच्या ठायी प्रीती ओतून, असे उत्तर देऊन आज्ञा आणि स्वेच्छा यांना एकाच उगमाकडे नेले. ते उत्तर देखणे आहे, परंतु 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' या वधस्तंभावरच्या आरोळीपुढे ते जरा जास्तच सुबक वाटते.

मराठीत हा विषय उतरताना अडचण सिद्धान्तांची नव्हती, शब्दांची होती. 'जीव देणे' म्हणजे मराठीत आत्महत्या. योहानात येशूच्या बोलण्याचा असाच विपर्यास करून हा जीव देणार की काय, असे विरोधक कुजबुजतात (८:२२), म्हणजे हा घोटाळा त्या काळीही संभवत होता. 'बळी' हा शब्द तर दुधारी आहे. 'बळी देणे' यात दुसऱ्याचा जीव जातो, 'बळी जाणे' यात स्वतःचा जातो पण इच्छेविरुद्ध, आणि बळी नावाचा जो राजा आहे तो भागवतात वामनाच्या तिसऱ्या पावलासाठी आपले मस्तक आपण होऊन पुढे करतो. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) ही कथा उलटी वाचली. त्यांचा बळीराजा स्वखुशीने मस्तक देत नाही, तो आक्रमकांशी लढताना पडतो, आणि दीनदुबळ्यांचा कैवारी म्हणून ते येशूलाही बळीच्याच परंपरेत बसवतात. ख्रिस्ती दृष्टीने हे वाचन अपुरे ठरेल, कारण त्यात प्राण हिरावून घेतला गेला यावर भर आहे, पण पिलाताच्या न्यायासनाला साधे निमित्त समजून पुढे जाणाऱ्या भाविकाला ते योग्य जागी अडवते. वध हा वधच होता आणि तो करणारे निर्दोष नव्हते, हे स्वेच्छेच्या सिद्धान्ताने झाकता येत नाही.

या सर्वांपेक्षा जवळचा शब्दप्रयोग मराठीने संतांसाठी राखला आहे. सामान्य माणूस मरतो, संत 'देह ठेवतो'. या प्रयोगात मरण ही घडणारी घटना नसून करण्याची कृती आहे, आणि ज्ञानेश्वरांच्या १२९६मधील संजीवन समाधीमुळे ही कल्पना महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेली आहे. योहानाच्या 'तिथेमी'ला याहून जवळचा प्रतिशब्द मिळणे कठीण. अंतर इतकेच, की संत देह ठेवतात ते कार्य संपले म्हणून, आणि ठेवलेला देह पुन्हा घेत नाहीत.

हा प्रवास मराठीत चारशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आला आणि १६१६मध्ये रायतूरला त्याचे क्रिस्तपुराण छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात आधी जुन्या कराराची आणि मग येशूची कथा येत असल्याने, वधस्तंभापाशी पोहोचणारा श्रोता आधी यज्ञांच्या आणि करारांच्या जगातून चालत आलेला असतो. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी आणि त्याचे पंडित यांनी १८११मध्ये नवा करार मराठीत छापला. पंडिता रमाबाई यांनी केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून, सामान्य स्त्रियांना कळेल अशा भाषेत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४मध्ये प्रकाशित झाले. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ने हा मजकूर ख्रिस्तेतर वाचकांपर्यंतही नेला.

नाशिकचा वाटा यात वेगळा आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे काम तेथे १८३२पासून सुरू झाले आणि पुढे शरणपूर ही वसाहत उभी राहिली. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक नाशिकला संस्कृत शिकले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. टिळकांनी अभंगाच्या वळणाने रचना करताना येशूला माउली म्हटले, आणि त्यामुळे या प्रश्नाचा सूरच बदलला, कारण आई लेकरासाठी जे करते त्याला आज्ञा लागत नाही आणि तिने अधिकार सांगितला तर तो हास्यास्पद वाटेल. या भक्तीत स्वेच्छा पूर्ण उजळते. पण किंमतही मोजावी लागते, कारण पित्याची आज्ञा हा योहानाच्या वचनाचा दुसरा पाय येथे जवळजवळ दिसेनासा होतो. टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य १९१९मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले, आणि त्याचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्या बाईंचे शिक्षण घरातच, जेमतेम झाले होते त्यांनी हे काम अंगावर घेतले, हीच गोष्ट या चर्चेत एखाद्या भाष्याइतकी मोलाची आहे.

आज्ञा आणि स्वेच्छा यांचा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातही होता, आणि तेथे तो ग्रंथातल्यापेक्षा अवघड होता. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला न विचारता. त्यानंतर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, पतीकडे परतल्यावरही आपले आचारविचार पाळत राहिल्या, आणि १९००मध्ये स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात सोवळे-ओवळे आणि जातिभेद मनातून कसे गळून पडले याची जी हकिकत येते, तिच्यात पतीची आज्ञा हे कारण कुठेच नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस काही पाश्चात्त्य स्त्रीवादी धर्मचिंतकांनी, पित्याच्या आज्ञेने पुत्राने निमूट सोसण्याचा आदर्श स्त्रियांना छळ सोसायला शिकवतो, असा आक्षेप घेतला. तो गंभीर आहे, आणि वधस्तंभाचे दाखले देऊन सुनांना गप्प बसवणाऱ्या उपदेशकांपुरता तो पूर्णपणे खराही आहे. योहानाच्या वचनांशी मात्र तो जुळत नाही, कारण तेथे अर्पणाआधी अधिकार येतो. जिला आपला प्राण राखण्याचा अधिकारच दिलेला नाही तिच्याकडून तो मागणे हे अर्पण नव्हे, आणि पंडिता रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या १८८७च्या इंग्रजी पुस्तकात विधवांच्या स्थितीविषयी जे मांडले त्याचा गाभाही याहून फार दूर नाही.

या शुभवर्तमानाच्या शेवटी हा विषय पुन्हा येतो, आणि तो येतो पेत्राच्या निमित्ताने. तेराव्या अध्यायात त्याने येशूसाठी आपला प्राण देण्याची तयारी दाखवली होती, तीही त्याच 'तिथेमी' या क्रियापदाने (१३:३७), आणि कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा त्याने आपल्या गुरूला नाकारले. एकविसाव्या अध्यायात त्याला मेंढरे राखण्याचे काम सोपवले जाते आणि लगेच त्याच्या मरणाचे भविष्य सांगितले जाते. तरुणपणी तू स्वतः कंबर बांधून हवे तेथे जात होतास, म्हातारपणी तू हात पसरशील आणि दुसरा कोणी तुला बांधून नको तेथे नेईल (२१:१८), असा त्याचा आशय आहे. ज्याने आपण होऊन प्राण देऊ केला त्याचा तेव्हा स्वीकारला गेला नाही, आणि जो बांधून नेला जाईल त्याच्या मरणाने देवाचे गौरव होईल असे पुढचेच वचन सांगते. योहानाने येथे अधिकार हा शब्द वापरलेला नाही, आज्ञा हाही नाही. तेथे फक्त 'माझ्या मागे ये' एवढेच सांगितले आहे, आणि पेत्र मागे वळून दुसऱ्या शिष्याचे काय होणार ते विचारतो.